माशांच्या टाकीवर मनी प्लांट: लातूरच्या बोअरच्या पाण्यावर नऊ महिने

मागच्या जूनमध्ये नर्सरीतून साठ रुपयांची मनी प्लांटची कुंडी आणली. शोभेसाठी नाही, फिश टँकच्या पाण्यात माशांच्या विष्ठेतून साठणारं नायट्रेट उतरवायला. आता मार्च आहे. नऊ महिने दर रविवारी पाण्याची टेस्ट करून आकडा वहीत लिहिलाय, त्यामुळे खाली जे सांगतेय ते वहीत बघून सांगतेय. वेल काम करतो. पण एक फांदी पाण्यात खोचली आणि महिन्यात पाणी साफ, असं जे व्हिडिओत दाखवतात तसं होत नाही. वेल किती लागतात, दिवस किती लागतात आणि कुठे हा वेल काहीच करू शकत नाही, हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे पहिले दोन महिने वाचले असते. म्हणून सविस्तर लिहितेय.

टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. तळाचे खडे आणि वर सोडलेली जागा वजा करून पाणी साधारण 110 लिटर. आत 4 एंजल, 8 विडो टेट्रा आणि एक सकर. आणला तेव्हा सकर बोटाएवढा होता, आता वीतभर झालाय. फिल्टर मागे टांगायचा. घर लातूरला, आणि सोसायटीचं पाणी बोअरचं.

मासे खातात, त्यांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, पुढे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना जहाल. नायट्रेट त्यामानाने सौम्य, पण ते तिथेच थांबतं आणि साठत जातं. ते साठलं की एंजल खाण्यावरून मन काढतात, काचेवर हिरवा थर दर चार दिवसांनी येतो. दुकानात विचारा, जाणकाराला विचारा, उत्तर एकच: पाणी बदला. आठवड्याला पाव टाकी काढा, नवं भरा.

लातूरच्या माणसाला हे सांगणं सोपं नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या, 5 लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात हीच टाकी मासे देऊन रिकामी केली आणि माळ्यावर ठेवली होती. धुणं धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासात, असे दिवस आम्ही काढलेत. पुन्हा मासे आणले त्याला आता तीन वर्षं झाली, पण रविवारी दोन बादल्या पाणी नळीने काढून मोरीत सोडताना हात थांबायचा. सासूबाई तर दारातच उभ्या राहायच्या. ‘एवढं पाणी फेकून द्यायलीस का बाई? आण इकडं, अळूला घालते.’

अळूच्या कुंड्यांना ते पाणी जाऊ लागलं आणि अळूची पानं बघता बघता सुपाएवढी झाली. मला विचार करायला लावलं ते या पानांनी. सासूबाईंच्या गावाकडच्या घरी मोरीचं पाणी पाटाने परसात जायचं आणि तिथे अळू, कर्दळ, केळ दाट उभी असायची. सांडपाण्यातलं जे आपल्याला नको, तेच त्या झाडांचं खाणं. टाकीतलं नायट्रेट म्हणजे तरी काय, खतच. मग पाणी अळूपर्यंत नेण्याऐवजी झाडच पाण्यापाशी आणलं तर? नंतर वाचताना कळलं की जगभरचे मासे पाळणारे हेच करतात आणि त्यासाठी पहिली पसंती मनी प्लांटला असते. मनी प्लांट अळूच्याच कुळातला. मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाचा, आता आपल्याकडे प्रत्येक जिन्यात.

झाडाकडे जाण्याआधी टेस्टबद्दल सांगते, कारण आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, टेस्ट ट्यूब रोज हातात असते. तरी पहिल्या रविवारी मी फसले. नायट्रेटचं किट दोन बाटल्यांचं. 5 मिली पाण्यात पहिल्या बाटलीचे 10 थेंब, मग दुसरीचे 10. रंग पिवळा आला, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आनंद झाला. संध्याकाळी माहितीपत्रक नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं की दुसरी बाटली थेंब टाकण्याआधी 30 सेकंद जोरात हलवायची असते. त्यात जस्ताची पूड असते आणि ती तळाशी बसते. ती पूडच नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग रंग येतो. पूड थेंबात आलीच नाही तर रंग कुठून येणार? पुन्हा केलं. बाटली तळहातावर आपटून आपटून हलवली, थेंब टाकल्यावर ट्यूब मिनिटभर हलवली, पाच मिनिटं थांबले. या वेळी ट्यूबमधलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल.

आता दुसरी अडचण. 40 चा लाल आणि 80 चा लाल (आकडे सगळीकडे लिटरला मिलिग्रॅम), रंगाच्या कार्डावर धरून ट्यूबलाइटखाली बघा, तुम्हाला फरक सांगता येणार नाही. यावर लॅबमधली साधी युक्ती वापरली. एक भाग टाकीचं पाणी, तीन भाग आरओचं पाणी, मिसळून टेस्ट करायची आणि आलेल्या आकड्याला चारने गुणायचं. पिवळा ते केशरी हे रंग डोळ्याला स्वच्छ वेगळे दिसतात. आरओच्या पाण्याची एकदा वेगळी टेस्ट करून घ्या, माझ्याकडे ती शून्याजवळ आली. टाकीचा आकडा आला 20 गुणिले 4, म्हणजे 80. वहीतली ही पहिली नोंद, 1 जून.

त्याच दिवशी मनात आलं म्हणून बोअरच्या पाण्याची टेस्ट केली. 20 आणि 40 च्या मधला केशरी. 30 धरला. तेव्हा खरं चित्र समोर आलं. मी टाकीत जे ‘ताजं’ पाणी घालत होते, त्यातच 30 होतं. टाकीत 80 असताना पाव पाणी बदललं तर आकडा 67 वर येतो, आठवड्याभरात पुन्हा चढतो. रोज पाणी बदललं तरी 30 च्या खाली जाणं शक्यच नाही, कारण भरतोय तेच पाणी 30 चं. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत मराठवाडा-विदर्भातल्या किती तरी विहिरी आणि बोअरमध्ये नायट्रेट जास्त असल्याची नोंद असते. शेतातलं खत आणि संडासाचे शोषखड्डे ही त्याची मोठी कारणं. पिण्याच्या पाण्याची आपल्याकडची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. (माशांचं बाजूला ठेवून एक सांगते: घरात बाटलीने दूध पिणारं बाळ असेल आणि पाणी बोअरचं असेल तर नायट्रेट तपासून घ्या. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं.)

तेव्हा नदी-धरणाचं चांगलं पाणी मुबलक येत असेल त्यांनी पाणी बदलावं, त्यांना हा खटाटोप ऐच्छिक आहे. बोअरवाल्यांना मात्र नायट्रेट टाकीतच खाणारं काहीतरी हवं.

आता कुंडीकडे. नर्सरीवाल्या काकांना मी स्पष्ट सांगितलं की हे माशांच्या टाकीत लावायचंय. त्यांनी लगेच सांगितलं, ‘ताई, आठ दिवसांमागं औषध मारलंय, अशीच लावू नका.’ हे त्यांनी सांगितलं नसतं तर मी मुळं धुऊन त्याच दिवशी टाकीत सोडली असती. काही कीटकनाशकं झाडाच्या आत भिनणारी असतात, मातीत खताच्या गोळ्या असतात. मासे कदाचित तगतीलही, पण टाकीत झिंगे किंवा गोगलगायी असतील तर त्यांचं काही खरं नाही. मी कुंडी तीन आठवडे गच्चीवर ठेवली, भरपूर पाणी दिलं, आणि त्या काळात जी नवी वाढ आली तेवढीच कापली. तुमच्या शेजारणीकडे पाण्याच्या बाटलीत वाढणारा जुना वेल असेल तर तो सगळ्यात उत्तम. त्याला औषधही नाही आणि मातीही नाही.

कापताना पेर बघायचं. पान जिथून फुटतं तिथे मागच्या बाजूला एक तपकिरी खुंटी दिसते, तांदळाच्या दाण्याएवढी. मूळ तिथून येतं. त्या पेराच्या बोटभर खाली कात्री चालवायची. पेर नसलेली नुसती दांडी महिनाभर हिरवी राहील, पण तिला मूळ फुटणार नाही. कापल्यावर चीक लागला तर हात धुवा. अळूने घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, त्याच सुया मनी प्लांटच्या पानातही असतात. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर वेल त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा. पाण्यात बुडलेल्या मुळांचा माशांना त्रास झाल्याचं माझ्याकडे कधी दिसलं नाही.

चार कांड्या बाटलीत ठेवल्या. सातव्या-आठव्या दिवशी खुंटीचं टोक फुटून पांढरं मूळ निघालं. तिसऱ्या आठवड्यात मुळं बोटभर लांब झाली तेव्हा कांड्या टाकीवर चढवल्या. मुळं आणि सगळ्यात खालचं पेर पाण्यात, पानं पूर्ण बाहेर. एक पान चुकून पाण्यात राहिलं होतं, ते पाच दिवसांत कुजून बुळबुळीत झालं. कुजलेलं पान पुन्हा अमोनियाच देतं, तेव्हा खालची पानं आधीच खुडून टाका. टांगायला मी फिल्टरच्या मागची फट वापरली आणि काचेच्या कडेला कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे. लोखंडी स्प्रिंगचे चिमटे गंजतात, ते नकोत.

आणि मग काहीच झालं नाही. 6 जुलै, 80. 13 जुलै, 80. वेल दिसायला टवटवीत, आकडा जागचा हलेना. इथे बरेच जण ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणून वेल काढून टाकत असतील. मी कागद-पेन घेऊन बसले. हा हिशेब मला कुठेच मराठीत लिहिलेला मिळाला नाही, म्हणून पूर्ण मांडते.

माशांच्या खाद्यात साधारण 40 टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत 16 टक्के नायट्रोजन. म्हणजे 1 ग्रॅम खाद्यात 64 मिलिग्रॅम नायट्रोजन. नायट्रोजनचं नायट्रेट झालं की वजन 4.43 पट भरतं, म्हणजे 280 मिलिग्रॅमच्या आसपास. 110 लिटरला भागलं तर लिटरला अडीच. त्यातलं काही माशांच्या अंगाला लागतं, काही गाळात जातं, म्हणून रोजचे 2 धरू. मी लॅबच्या काट्यावर माझी ‘चिमूट’ मोजली तर सकाळ-संध्याकाळ मिळून 1 ग्रॅम भरली. म्हणजे टाकीत आठवड्याला 14 ने नायट्रेट वाढत होतं. आणि 30 चं पाणी घालून पाव टाकी बदलत राहिलं तर आकडा 85 च्या आसपास येऊन थांबतो, हे गणितातही तसंच निघतं. माझी वही तीन वर्षांचा हिशेब खरा बोलत होती.

आता वेलाची बाजू. 100 ग्रॅम ओला वेल वाळवला तर 10 ग्रॅमच्या आसपास उरतो. त्यात सुमारे 3 टक्के नायट्रोजन, म्हणजे 0.3 ग्रॅम, म्हणजे नायट्रेट 1.3 ग्रॅम. माझ्या टाकीच्या पाण्यात ते लिटरला 12 होतात. थोडक्यात, वेलाची पाने-दांडी-मुळं मिळून 100 ग्रॅम नवी वाढ झाली की टाकीतून 12 गेले. माझ्या चार कांड्या मिळून आठवड्याला 10 ग्रॅमही वाढत नव्हत्या. रोज दोन येतायत आणि आठवड्याला एक जातोय, तर आकडा कसा हलेल?

यातून दोन गोष्टी कराव्या लागल्या. खाद्य अर्धं केलं. रोज अर्धा ग्रॅम, आणि सोमवारी उपास. लेकीला वाईट वाटलं, पण एंजल महिन्याभरात जास्त चपळ झाले आणि पोटं पूर्वीसारखी फुगलेली दिसेनात. आणि वेल चारावरून बारावर नेले.

याच सुमारास आषाढी एकादशीला आणलेल्या रताळ्यांतलं एक उरलं होतं, त्याला कोंब आलेला. तेही अर्धं पाण्यात, अर्धं वर, असं काड्या टोचून कोपऱ्यात बसवलं. वाढीच्या बाबतीत रताळ्यापुढे मनी प्लांट काहीच नाही. पंधरा दिवसांत वेल खिडकीच्या गजांना लागला. पण पाचव्या आठवड्यात कंद खालून मऊ पडला आणि पाण्याला आंबूस वास आला. लगेच काढला. कुणाला करायचंच असेल तर रताळ्याचा नुसता वेल तोडून पाण्यात मुळं फोडा, कंद टाकीत ठेवू नका. बाकीच्यांपैकी सिंगोनियम चांगला निघाला, मनी प्लांटच्या खालोखाल. पीस लिलीचा बुडखा पाण्यात गेला की सडतो, तिला बरीच वर धरावी लागते. लकी बांबू जगतो, पण इतका सावकाश वाढतो की आमच्या कामाचा नाही. पुदिन्याला मुळं झटकन फुटली, मावा पण तितक्याच झटकन पडला.

टाकीच्या आतल्या पाणवनस्पती का नाहीत, असं विचाराल. व्हॅलिस्नेरिया लावून बघितली होती, सकरने रात्रीतून उपटली. शिवाय पाण्याखाली झाडाला कार्बन डायऑक्साइड फार अपुरा मिळतो. मनी प्लांटची पानं हवेत आहेत, त्याला हवेतला हवा तेवढा मिळतो, पाण्यातून फक्त खत घ्यायचं. म्हणून तो साध्या खिडकीच्या उजेडातही वाढतो.

ऑगस्टपासून आकडे उतरू लागले. 3 ऑगस्टला 60. सप्टेंबरच्या मध्याला 40. त्या दिवशी ट्यूब खिडकीत धरून मी लेकीला बोलावलं, तिनेही कार्ड लावून 40 च सांगितलं. ऑक्टोबरच्या शेवटी 25, आणि 16 नोव्हेंबरला 20. बोअरच्या पाण्यात 30 आणि टाकीत 20. नळाच्या पाण्यापेक्षा माशांचं पाणी या एका बाबतीत चांगलं झालं होतं, आणि पाणी बदलून हे कधीही झालं नसतं. मी तेव्हा दोन आठवड्यांतून एकदा एकच बादली बदलत होते. पूर्वी महिन्याला आठ बादल्या जायच्या, आता दोन. त्याही अळूला.

मुळांचं सांगायलाच हवं. सप्टेंबरपर्यंत बारा वेलांची मुळं खाली उतरून एकमेकांत गुंतली. जाड पांढऱ्या दोऱ्यांना बारीक तंतू, आणि त्या तंतूंवर गाळाचा तपकिरी कण न कण अडकलेला. टेट्रा दिवसभर त्यात तोंड घालून काहीतरी टिपत असतात. एंजलच्या जोडीने ऑक्टोबरमध्ये एका जाड मुळावर अंडी घातली. ओळीने चिकटवलेली, मोहरीहून लहान, पारदर्शक. तिसऱ्या दिवशी ती पांढरी पडली आणि गेली, पण तीन वर्षांत त्यांनी कधी जोडसुद्धा लावली नव्हती.

आता त्रासाचं. मुळं फिल्टरच्या पाण्याच्या तोंडात शिरतात. एका रात्री फिल्टर घरघर करून बंद पडला होता, सकाळी मासे वर येऊन तोंडं मारत होते. पंख्याभोवती मुळाचा केसासारखा गुंता. फिल्टरच्या नळीला स्पंजची टोपी घाला, हे पहिल्याच दिवशी करा. आणि दर महिन्याला मुळं एक तृतीयांश कापा. गोल्डफिश असतील तर कापायचीही गरज पडणार नाही. समोरच्या घरच्या टाकीत मी चार वेल दिले होते, त्यांच्या दोन गोल्डफिशनी आठवड्यात मुळं खाऊन बुडखे उघडे पाडले. तिथे मुळांना जाळीच्या डब्यात ठेवावं लागतं.

वेल छाटताना छाटलेलं वजन करून वहीत लिहिते. ऑगस्ट ते नोव्हेंबर सरासरी आठवड्याला 60 ग्रॅमच्या आसपास वाढ होती, म्हणजे 7 नायट्रेट. खाद्य अर्धं केल्यावर, सोमवारचा उपास धरून, येणारं 6, आणि वर पाणी बदलायचं ते वेगळं. हिशेब असा जुळला की बरं वाटलं. छाटणी करायची आणि ती टाकीबाहेर न्यायची, हे विसरू नका. नायट्रोजन पानात गेलाय, पान टाकीतच गळून कुजलं तर तो परत पाण्यात येणार.

डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबल्यासारखी झाली. दिवस लहान, थंडी, खिडकी उत्तरेची. आकडा 20 वरून 35 वर चढला. एक साधा एलईडी बल्ब पानांवर दहा तास लावला, फेब्रुवारीत परत 20. नवी पानं मधेच फिकट पिवळी यायला लागली होती, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. बोअरच्या जड पाण्यात झाडाला लोह नीट घेता येत नाही. पाणवनस्पतींसाठी मिळणारं लोहाचं द्रव खत अगदी थोडं घातलं, पुढची पानं ठीक आली.

वेल जे करू शकत नाही ते म्हणजे क्षार. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज उडतं, पण उडतं ते निव्वळ पाणी. क्षार मागे राहतात, त्यावर आपण बोअरचं आणखी क्षाराचं पाणी ओततो. पाण्याच्या रेषेवर काचेला पांढरी पट्टी बसते ती याचीच. नायट्रेट 20 दिसतंय म्हणून पाणी बदलायचं पूर्ण थांबवलं तर वर्षभरात पाणी इतकं जड होईल की नवा मासा त्यात टिकणार नाही. मी पावसाळ्यात गच्चीवरच्या पन्हळीचं पाणी, पहिले दोन पाऊस सोडून, दोन ड्रममध्ये भरून ठेवते आणि उडालेलं पाणी भरायला तेच वापरते. आरओमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी काही जण टाकीत घालतात, ते अजिबात करू नका. त्यात क्षार आणि नायट्रेट दोन्ही जास्त असतं.

आणि नवीन टाकी असेल, अजून फिल्टरमध्ये जीवाणू बसले नसतील, तर मनी प्लांट लावून मासे सोडायची घाई करू नका. झाड अमोनियाही घेतं, पण चार कांड्या नव्या टाकीचा अमोनिया पेलू शकत नाहीत.

खर्चाचं बोलायचं तर कुंडी 60 रुपये, चिमटे 30, स्पंज 40. टेस्ट किट हजाराच्या वर गेलं, पण ते घ्याच, त्याशिवाय हे सगळं अंधारात चालणं आहे. कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात, पण त्यांच्या रंगात 20 आणि 50 मधलं काही कळत नाही. याआधी मी नायट्रेट शोषणारी दाण्यांची पुडी वापरली होती. तिने काम केलं, दीड महिना. मग मिठाच्या पाण्यात भिजवून ती परत वापरात आणायची आणि धुवायला पुन्हा पाणी. वेलाला यातलं काही लागत नाही.

परवा लॅबमधल्या एका मुलीने नवी टाकी घेतली, बार्शी रोडला राहते, तिथेही बोअरच. तिला बारा कांड्या मुळं फुटलेल्या दिल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि माझ्या किटमधून तिच्या नळाच्या पाण्याची टेस्ट करून दिली. 40 निघालं. तिला वहीचं पहिलं पान आखून दिलंय: तारीख, आकडा, खाद्य किती ग्रॅम, छाटणी किती ग्रॅम. वेल ती पुढच्या महिन्यात चढवेल, फिल्टर तयार झाल्यावर.